संध्याकाळची गोळी

गोळी हातात दिली की तो ती तळहातावर घेऊन, वांगं पारखावं तशी उलटसुलट बघायचा आणि निकाल द्यायचा, "बहुत गरम हाये जी."

एचआयव्हीची कुठलीही गोळी त्याच्या लेखी गरमच. सावली तालुक्याकडचा मासेमार, जन्म तलावाच्या पाण्यात गेलेला, आणि त्याला गरमीची धास्ती! जुन्या गोळीनं त्याला चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची. नवी आली आणि गडी सुधारला, गाल भरले. मग मी जिथं समुपदेशक आहे त्या औषधाच्या सेंटरच्या बाकावर बसून तोच इतरांना दोन्ही गोळ्यांतला फरक समजावू लागला. "माझी नोकरी खाता का भाऊ?" असं मी चिडवलं की लाजायचा.

बायकोलाही तीच नवी गोळी होती. पण तिला टीबी झाला. टीबीचं औषध या गोळीचा जोर कमी करतं, म्हणून तिला संध्याकाळी आणखी एक गोळी सुरू केली. त्याला ते काही पटेना. "मी धडधाकट, मले एक. ते काडीवानी झाली, तिले दोन? हे कसं जी?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मान हलवली.

ती खंगतच गेली. तो दर महिन्याला दोघांची औषधं न्यायचा, तिच्यासाठी केळी न्यायचा. शेवटी तिला उचलूनच आणलं, आणि दवाखान्यातच ती गेली.

तेरवी झाल्यावर तो आला. पिशवीतून संध्याकाळच्या गोळ्यांच्या बाटल्या काढल्या. एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. कोणाच्या तरी कामी येतील, म्हणाला. त्या अशक्त जिवाला एवढी गरमी सोसणार नाही असं वाटून दुसरी गोळी त्यानं तिला दिलीच नव्हती. ती मागायची, तेव्हा समजूत घालायचा.

"तेवढा तरास वाचवला तिचा. बरोबर केलं ना बाई?"

तुम्ही काय सांगितलं असतं हो? मी 'हो भाऊ' म्हटलं. त्याला बरं वाटलं.

पुढं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं त्याला खरं काय ते सांगितलं. वाईट हेतू नव्हता तिचा, दुसऱ्या कोणी असं करू नये एवढंच. तेव्हापासून तो सेंटरवर आलेला नाही. स्वतःची गोळीही त्यानं सोडली. आशाताई रोज दारात जाते, हातापाया पडते. तो शांतपणे एवढंच म्हणतो, "तिले नाई देल्ली. आता मी कसा खाऊ?"