कमळाताईंनी वाचवलेली हेर

इंदिरानगरच्या कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या कमळाताई मखमलाबादच्या. गिऱ्हाईक काय मागतं यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते त्या बिनचूक सांगत. मी एकदा झेंडूचा लांब हार मागितला, तर म्हणाल्या, "नवी गाडी घेतली वाटतं! पेढे कुठंयत?" गाडी खरंच घेतली होती. पेढे द्यावेच लागले.

आमची गट्टी जमली ती माझ्या फजितीमुळे. किल्ल्याला वेढा पडलेला असताना हेरगिरी करणाऱ्या एका तरुण मुलीवर मी कादंबरी लिहिली होती. "जीव नाही हो हिच्यात," म्हणून प्रकाशकांनी ती दोनदा परत केली. वैतागून मी सगळा गठ्ठा ताईंना पुड्या बांधायला देऊन टाकला. दोन दिवसांनी जाते तर काय, बाई पुड्या बांधायचं सोडून वाचत बसलेल्या! शिक्षण सातवीपर्यंत, पण छापील कागद वाचल्याशिवाय फाडायच्या नाहीत.

"मॅडम, लय भारी लिहिलं. पण तुमची गोदा येडी हाय."

मी चिडलेच. माझी गोदा शत्रूच्या छावणीत फुलं विकते, गजऱ्यात चिठ्ठी लपवून बाहेर आणते. येडी कशी?

"अहो, गजऱ्यावर आम्ही दिवसभर पाणी मारतो. चिठ्ठीचा लगदा व्हईल! अन् चिठ्ठी पाहिजे कशाला? छावणीतून एकदम शंभर हार मागितले, म्हंजी हत्यारांची पूजा. सकाळी फौज निघणार. फूलवालीला समदं आधी कळतं."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं ग्रंथालयात घासली, पण हे काही डोक्यात आलं नव्हतं. कादंबरी नव्यानं लिहिली. प्रकाशक खूश, पण अट एकच: शेवटी गोदाला फाशी झाली पाहिजे, वाचक रडला पाहिजे. पुस्तक निघावं म्हणून मी दिली फाशी.

ताईंनी तो शेवट वाचला आणि कागद माझ्या हातात परत ठेवले. मीच विचारलं, "काय चुकलं?"

"एवढी हुशार पोरगी सापडलीच कशी? माल संपला की फूलवाली एक मिनिट थांबत नाय. तुम्हाला तिला मारायचंच व्हतं, म्हणून तुम्ही तिला तिथं थांबवलं."

घरी येऊन मी शेवटची पानं फाडली. गोदा घरी पोचली, हातपाय धुऊन भाकरी खायला बसली. "छापायचं तर असंच, नाहीतर राहू द्या," असं मी प्रकाशकांना फोनवर सांगून टाकलं. कुरकुरत का होईना, त्यांनी छापलं. पहिली प्रत ताईंनी गिऱ्हाईकं ताटकळत ठेवून वाचली आणि म्हणाल्या, "आता पोरगी शहाणी झाली."

मागच्या श्रावणात कमळाताई गेल्या. फार चुटपुट लागली. प्रकाशक भेटले की अजून म्हणतात, "गोदा मेली असती, तर दुसरी आवृत्ती निघाली असती." मी म्हणते, नाही निघाली तरी चालेल. गोदाच्या तोंडून आता कमळाताईच बोलतात. तिला मी मरू देणार नाही.