शिडीवाल्यांची दुसरी नोकरी

आगीच्या बंबावरची उंच शिडी चढण्यात बाबांचा हात धरणारा अख्ख्या दलात कोणी नव्हता. लोक त्यांना शिडीवालेच म्हणत. त्यांच्या थोरल्या मुलीला लहानपणी वाटायचं, आपले बाबा जमिनीवर फक्त जेवायला येतात.

एकदा कापडाचं गोदाम पेटलं. वर अडकलेल्या पहारेकऱ्याला खांद्यावर टाकून बाबा उतरत होते, आणि ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला. पहारेकऱ्याला खालच्या जवानांनी झेललं. बाबांचा गुडघा मात्र कायमचा कामातून गेला.

साहेबांनी त्यांना सामानाच्या कोठीत बसवलं. भोंगा वाजला की बाकीचे धावत सुटत आणि बाबा दारापर्यंत जाऊन माघारी फिरत. तो सगळा राग घरी निघायचा. पाणी गार का, खिडकी उघडी का. शेवटी आईने हातातलं भांडं आपटलं.

"पाय मोडलाय, तोंड नाही! भिंतींवर कशाला ओरडता? ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांना जाऊन शिकवा."

थोरलीला वाटलं, आता बंब घरीच बोलवावा लागणार. पण बाबा बायकोकडे बघत राहिले आणि खो खो हसत सुटले.

साहेबांची परवानगी काढून ते आगीतून जीव कसा वाचवायचा ते शिकवायला शाळाशाळांतून, कारखान्यांतून जाऊ लागले. थोरली तेव्हा एका शिवण कारखान्यात कामाला लागली होती. एक दिवस बाबा तिथेही हजर! त्यांनी सगळ्या बायकांना डोळे मिटून, भिंतीला हात लावून, रांगत दारापर्यंत जायला लावलं.

"धूर वर चढतो, आपण खाली राहायचं," ते म्हणाले. "ताठ मानेने चालायला बाहेर अख्खं आयुष्य पडलंय."

बायका हसून लोळल्या. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना बाबांनी मॅनेजरच्या मागे लागून मागच्या दारातले कापडाचे गठ्ठे हलवून घेतले, तेव्हा कुठे ते निघाले.

पुढे एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाजवळची वायर पेटली. दिवे गेले, धूर भरला, किंकाळ्या सुरू झाल्या. थोरलीच्या तोंडून थेट बाबांचाच आवाज निघाला. "खाली बसा! भिंतीला हात!"

काजं-बटणं करणारी मावशी डब्यासाठी मागे वळली. थोरलीने तिचा पदर धरून तिला ओढलं. "डबा दुसरा मिळेल, मावशी!" एकीमागून एक सगळ्या मागच्या दाराने बाहेर पडल्या.

बंब आला, आणि त्यातून लंगडत बाबा उतरले. कारखान्याचं नाव ऐकल्यावर त्यांना कोठीत कोण थांबवणार? काजळी फासलेल्या लेकीला त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्या आहेत?"

"सगळ्या आहेत, बाबा."

ते तिथेच फुटपाथवर बसले. त्यांचे डोळे भरून आले. साहेब जवळ येऊन म्हणाले, "शिडीवाले, आज शिडी न लावताच माणसं उतरवलीत की!"

"मी नाही, साहेब. माझ्या पोरीने."

निवृत्तीनंतरही बाबांनी शिकवणं सोडलं नाही. म्हातारपणी झोपेतच त्यांचा प्राण गेला. त्या दिवशी दारात एवढी माणसं जमली की गल्ली भरून गेली. रडता रडता आई थोरलीला म्हणाली, "एवढ्यांना कधी शिकवलं गं यांनी? मला वाटायचं, नुसते गप्पा मारायला जातात."

थोरली आता त्याच कारखान्यात देखरेखीला आहे. नवी मुलगी कामावर आली की मशीन दाखवण्याआधी ती तिला खाली बसवते आणि म्हणते, "डोळे मिट. दार शोध."