कॅनडातलं गाव आणि हसायच्या जागा

ताईला सांगून आलेला मुलगा कॅनडात होता, आणि त्यानं स्वतःचा फोटो पाठवायच्या आधी तीन कादंबऱ्या पाठवल्या. सगळा घोळ इथूनच सुरू झाला. फोटो आला असता तर आईनं नाकडोळे पाहून काय ते ठरवलं असतं. कादंबऱ्यांचं काय करायचं हे आमच्या इतवाऱ्यातल्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मुलगा आमच्याच गावातल्या सिंधीपुऱ्यातला. आमच्या गावाजवळ कागदाची गिरणी निघायची बोलणी होती, तेव्हा ते काम शिकायला म्हणून तो तिकडे गेला आणि तिथल्या एका लहानशा शहरात, कागदाच्याच कारखान्यात चिकटला. त्याची आई पुस्तकं घेऊन आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "त्याचं म्हणणं, मुलीनं एवढं वाचून ठेवावं. तो राहतो ते गाव अस्संच आहे म्हणे. दिवाळीनंतर येतोय, तेव्हा बघायचा कार्यक्रम करून टाकू." म्हणजे पाहायला यायच्या आधी ताईला अभ्यास. आणि एवढं करून जमलं तर ताई थेट समुद्रापलीकडे. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. तो मुलगा मला न पाहताच नावडता झाला.

ताई मॅट्रिक झालेली. दुपारी मांडीवर डिक्शनरी घेऊन ती वाचायला बसायची आणि आम्हाला मराठीत सांगायची. आई गहू निवडता निवडता ऐकायची, बाबा दुकानातून जेवायला आले की ऐकायचे. तिन्ही पुस्तकं एकाच गावाची, त्यात तीच ती माणसं. गाव आपल्या बुऱ्हाणपुरापेक्षाही लहान, मधून नदी, आणि अर्धं वर्ष बर्फ.

पहिल्याच पुस्तकात एक बाई साऱ्या गल्लीला रात्रीच्या जेवणाला बोलावते आणि प्रत्येकाला सांगते, येताना एकेक पदार्थ घेऊन या. आईनं सूप खाली ठेवलं.

"जेवायला बोलवायचं आणि डबा घेऊन या म्हणायचं? मग बोलावलं कशाला?"

ताईनं ते पान परत वाचलं. तसंच होतं. पुढं तर असं निघालं की सगळ्यांनी उकडलेले बटाटेच आणले. आईला त्या बाईची कीव आली. "घरात काही नसेल बिचारीच्या," ती म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

बाबांचं वेगळंच. ती प्रांतरचनेची वर्षं. आमचं गाव मराठी मुलखात जाणार की नव्या मध्य प्रदेशात, यावरून चौकात सारख्या सभा व्हायच्या, आणि बाबा दोन्हीकडच्या सभांना जाऊन आणखीनच गोंधळून घरी यायचे. हद्द एकदा शेजारच्या इच्छापुर गावाच्या अलीकडे असायची, एकदा पलीकडे. दुसऱ्या पुस्तकात सरकार नदीच्या दोन काठांवरची दोन गावं एक करून टाकतं, आणि मनोऱ्यावरचं घड्याळ कोणत्या काठाला बसवायचं यावरून जुंपते. शेवटी घड्याळ पुलाच्या मधोमध लावतात, तर ते कोणत्याच काठावरून दिसत नाही. बाबांनी हातातला घास तसाच ठेवून सगळं ऐकलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आपलं पण असंच होणार."

त्यांना ते इतकं पटलं की गल्लीतल्या इंग्रजीच्या मास्तरांना दाखवायला ते पुस्तकच घेऊन गेले. मास्तरांनी चार पानं चाळली आणि सांगितलं, "अहो, हे विनोदी आहे." झालं. तोवर निदान सगळं खरं तरी होतं. आता खरं काय धरायचं आणि हसायचं कुठं, हेच कळेना. "म्हणजे थंडी पडते की नाही तिथं?" आईनं विचारलं. मला तर वाटायला लागलं की मुलगा तरी खरा आहे की नाही.

मार्ग ताईला सापडला. पुस्तकांत जागोजागी समासात पेन्सिलीची उभी रेघ होती. आणि समासातल्या रेघेचा अर्थ आमच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, एकच: परीक्षेला येणार. मास्तर 'इथं रेघ मारा' म्हणाले की तेवढं पाठ करायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. ताईनं रेघांचा सगळा मजकूर घोकायला घेतला. दोन शेजारी वाटेवरचं बर्फ काढताना कसे बरोबर अर्ध्यावर थांबतात. कुत्र्याच्या लायसन्सापायी नगराध्यक्षाची खुर्ची कशी जाते. मी समोर पुस्तक धरून बसायचे आणि ती म्हणून दाखवायची.

मी एखादा इंग्रजी शब्द वाचला की ताई खो खो हसायची. तसं मी काहीही केलं तरी तिला हसू यायचं. वेणी वाकडी आली, जिना उतरताना चप्पल निसटली, की हसलीच. 'ढब्बू' म्हणायची मला. मी चिडायचे, दाणदाण पाय आपटत गच्चीवर जायचे. पण ती गावाला गेली की मला करमायचं नाही, हेही खरं.

तिसरं पुस्तक संपत आलं तेव्हा ती एकदा वाचता वाचता थांबली.

"यात एक चिनी माणूस आहे," ती म्हणाली. "कपडे धुवायचं दुकान आहे त्याचं. तिन्ही पुस्तकांत आहे तो. पण त्याच्यापाशी कुठंच रेघ नाही."

"मग सोडून दे ना त्याला," मी म्हटलं. रेघ नाही तर परीक्षेला येणार नाही, एवढं साधं होतं ते. पण ताई मागची पानं काढून पुन्हा बघत बसली.

दिवाळी झाली आणि मुलगा आला. उंच, सावळा, सदऱ्याची कॉलर सैल. त्यानं माव्याची जिलेबी अशी खाल्ली की आईला तो तिथंच पसंत पडला. त्याच्या आईनं ताईला भरतकाम विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग तो म्हणाला, "पुस्तकं वाचलीत का?"

ताईनं सुरुवात केली. पहिल्या रेघेपासून, क्रमानं, खाली मान घालून. उकडलेले बटाटे झाले, घड्याळ झालं. बर्फापाशी मुलाचे खांदे हलायला लागले. लायसन्साशी आल्यावर त्यानं रुमाल तोंडावर धरला, पण हसू काही आवरेना.

"माफ करा," तो म्हणाला. "मला जिथं हसू आलं ना, तिथं तिथं मी रेघा मारल्या होत्या. तुम्ही तर पाठच केलंत."

बाबांचा चेहरा उतरला. ताईचे कान लाल झाले. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. एवढं घोकून घेतलं मी तिच्याकडून, आणि हा हसतोय. ताई उठून आत जाईल असं मला वाटलं. ती उठली नाही. तिनं मान वर केली आणि सरळ त्याला विचारलं, "त्या कपडे धुणाऱ्या चिनी माणसापाशी रेघ का नाही?"

त्याचं हसू थांबलं. "त्याच्यात हसण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "त्याला कोणी हसत नाही. सगळे त्याच्याशी फार नीट बोलतात."

"आणि तुमच्याशी?"

त्यानं जिलेबीची बशी खाली ठेवली. "माझ्याशी पण," तो म्हणाला. "फार नीट बोलतात."

"बोलणारच," त्याची आई कौतुकानं म्हणाली. "आहेच तसा तो."

मंडळी जिना उतरून गेली आणि बाबा बरसले. "पोरीला तोंडावर हसतो म्हणजे काय? मी उद्याच नाही म्हणून निरोप धाडतो." आई जिलेबीवर भाळलेली होती, पण आता तिलाही समुद्र आठवला. इतक्या लांब कशाला, ती म्हणाली. मला बरं वाटलं. माझ्या मनात तर तेव्हाच लग्न मोडून झालं होतं.

"हो म्हणून कळवा," ताई म्हणाली.

बाबांनी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आम्हा तिघांनाही काही उमगलं नाही. ताई कपबश्या गोळा करून मोरीवर गेली, तशी मीही मागोमाग गेले.

"वेडी झाली का तू? हसला ना तो तुला."

"हसू दे की." तिनं कप विसळला. "तीन पुस्तकं भरून तिथं सगळे एकमेकांना हसतात. यांना कोणी हसत नाही गं. मी हसेन."

"आणि इथं मला कोण हसणार?" मी विचारलं.

ताईनं माझ्याकडे बघितलं. माझी वेणी सुटली होती आणि नाक वाहत होतं, पण ती हसली नाही.