नवा प्रयोग तुमचा, निम्मा खर्च सरकारचा!

सरकारी कचेरीत फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की फायलींना वाळवी लागते आणि किस्से दरवर्षी बाळसं धरतात! परवा आम्ही जुनी मंडळी जमलो होतो. कुणीतरी म्हणालं, "ती तुझी प्रयोगाची स्कीम सांग रे." झालं! कपातला चहा गार झाला तरी माझं तोंड काही थांबेना.

हैदराबाद राज्य मोडलं, आमचा उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तिथून महाराष्ट्रात आला. त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. लहान धंदेवाल्यांनी आपापल्या धंद्यात काही नवं शोधून काढावं म्हणून सरकारनं एक स्कीम काढली. प्रयोग तुमचा, निम्मा खर्च सरकारचा. त्यासाठी उस्मानाबादेत एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत माणसं तीन. पुण्याकडून आलेले तरुण साहेब, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले हेडक्लार्क रंगनाथराव आणि टेंपररी क्लार्क म्हणून मी.

ह्यातला 'टेंपररी' तेवढा लक्षात ठेवा. तुळजापूरच्या एका मास्तरांची मुलगी, सुमन, मी बघून आलो होतो. मला ती पसंत, तिला मी पसंत. पण मास्तर म्हणाले, "आधी पर्मनंटची ऑर्डर दाखवा, मग तिथी काढू." आता स्कीम चालली तर मी पर्मनंट, बुडाली तर मी घरी. म्हणजे जिल्ह्यात कुणीतरी काहीतरी शोध लावल्याशिवाय माझं लग्न होणार नव्हतं!

*

पहिली फेरी बेंबळीला. निघताना रंगनाथराव म्हणाले, "साहेब, आमच्याकडं सरकार द्यायला आलं तरी लोक आधी दार लावून घेतात." साहेब हसले. पण सक्तीच्या लेव्हीचं धान्य उचलून नेणारी सरकारी गाडी लोक अजून विसरले नव्हते.

वेशीपर्यंत तेलघाण्याची करकर ऐकू येत होती. जीप दिसली आणि करकर बंद! तेल्याच्या दारात गेलो, तर गडी हात पुसत बाहेर आला.

"घाणा कुठं आहे हो तुमचा?" साहेबांनी गोडीत विचारलं.

"घाणा? आमच्यात कुठला आलाय घाणा! तेलाचा वास बी म्हाईत न्हाय."

तेवढ्यात मागं गोठ्याजवळ साहेबांची नजर गेली. तिथं बैल उभा होता. डोळ्यांना घाण्याची झापड तशीच बांधलेली.

"मग हा बैल?"

"त्याचे डोळे आल्यात, साहेब!"

*

दुसरा प्रयोग खुद्द तुळजापुरात. पुजारी घराण्यातल्या नारायणरावांनी कुंकू चाळायचं यंत्र केलं होतं. चाक फिरवलं की पंखा फिरणार आणि बारीक कुंकू उडून पलीकडच्या पेटीत पडणार. कागदावर तर फारच छान दिसत होतं.

साहेब कौतुकानं अगदी जवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागं मी. रंगनाथराव म्हणाले, "मी तेवढ्यात देवीचं दर्शन घेऊन येतो." म्हाताऱ्याला सगळं कळत होतं!

नारायणरावांनी चाक फिरवलं. पेटी सोडून कुंकू सगळीकडं गेलं! शिंका देत बाहेर आलो तर आम्ही दोघं डोक्यापासून बुटापर्यंत लालभडक. रस्त्यानं येणाऱ्या बायका थांबून साहेबांना हात जोडायला लागल्या. पंचाईत म्हणजे जीपचा रस्ता नेमका मास्तरांच्या घरावरून. मी मान खाली घालून बसलो. पण मास्तर ओट्यावरच उभे. त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "अहो, अजून हळद लागायची आहे, आणि तुम्ही कुंकवात न्हाऊन आलात होय?"

दाराआडून हसल्याचा आवाज आला. तेवढाच काय तो त्या दिवशीचा फायदा.

*

जळकोट हायवेवरचं गाव. तिथं ट्रकचे फाटके टायर मिळत. किसनराव नावाच्या कारागिरानं त्या टायरचे तळ लावून वहाणा शिवल्या. "जन्मात झिजायच्या न्हाईत," म्हणाला. साहेब म्हणाले, "कुणीतरी वापरून बघायला पाहिजे." आमच्यात सगळ्यात जास्त चालणारे रंगनाथराव. वहाणा त्यांच्या ताब्यात दिल्या.

रिपोर्टाच्या दिवशी त्यांनी वहाणा टेबलावर ठेवल्या. तळावरच्या रेघासुद्धा शाबूत! साहेब खुर्चीतून उठले. माझ्या डोळ्यांपुढं मांडव उभा राहिला, सनईसुद्धा वाजायला लागली.

"वा! रोज चालत होता ना?"

"रोज! घर ते कचेरी, कचेरी ते घर, वर बाजार."

"आणि जराही झिजल्या नाहीत?"

"झिजतील कशा? सरकारी माल! उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? हातात धरून चालत होतो!"

माझी सनई तिथंच थांबली. रिपोर्टाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. वहाणा नव्याकोऱ्या होत्या. रंगनाथरावांच्या टाचा मात्र पार फुटल्या होत्या.

*

येडशीच्या विठ्ठलरावांचा प्रयोग सीताफळाचा. गर काढायचा, पत्र्यावर वाळवायचा, वड्या पाडायच्या आणि स्टेशनवर प्रवाशांना विकायच्या. सीताफळ दोन दिवसांत नासतं, ते महिनाभर टिकवायचं हा शोध.

आम्ही पोचलो तेव्हा घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, पत्रे होते, पण गर नव्हता. रामलिंगाच्या झाडीतली वानरं तेवढी ओळीनं बसून बोटं चाटत होती. विठ्ठलराव जराही खजील झाले नाहीत.

"माल टिकला न्हाय साहेब, पर खपला बघा! लई मागणी हाय!"

साहेबांनी रिपोर्टात काय लिहिलं ते मला कधी दाखवलं नाही.

*

मग मात्र औरंगाबादेहून ऑर्डर आली. बडे साहेब स्वतः येणार, एक प्रयोग डोळ्यांनी बघणार, आणि तो फसला तर स्कीम बंद. मी रात्रंदिवस तुळजाभवानीचा धावा सुरू केला. आमच्याकडं एकच अर्ज शिल्लक होता, भूमकडच्या एका गावातल्या दोन भावांचा.

दोघंही खवा आटवणारे. धाकट्यानं, भगवानानं, आमच्या मदतीच्या भरवशावर नवी भट्टी बांधली होती. तोंड बंद, खालून वारा, मागं धुराडं. मी आणि साहेबांनी आधी जाऊन बघितली होती. सरपण कमी आणि खवा लवकर. एकदम नामी!

बडे साहेब म्हणाले, "जुनी आणि नवी शेजारी शेजारी पेटवा. दूध सारखं, लाकडं सारखी. बघू कुणाचा खवा आधी उतरतो." नव्या भट्टीवर भगवान बसला, जुन्या भट्टीवर त्याचा थोरला भाऊ, दादा.

भट्ट्या पेटल्या. नव्या भट्टीवरचं दूध बघता बघता उकळलं. मी मनात म्हटलं, सुमन, आता काढ तिथी! तेवढ्यात भगवानानं दादाच्या कढईकडं बघितलं आणि आपलं एक लाकूड हळूच बाहेर ओढलं. मग दादानं भगवानाच्या कढईकडं बघितलं आणि आपली दोन ओढली. थोड्या वेळानं भगवानानं आणखी एक काढलं.

दोन्ही भट्ट्या विझायला आल्या. बडे साहेब घड्याळ बघायला लागले. मी भगवानाशेजारी जाऊन बसलो.

"अहो, लाकडं का काढताय?"

"मग काय दादाच्या आधी खवा उतरवू? चार लोकांत? लाज न्हाय व्हय आमाला!"

मी उठून दादांकडं गेलो. "दादा, तुम्ही तरी जाळ वाढवा!"

"येडं का खुळं तुमी? माझा आधी उतरला तर पोराची मदत बुडंल की!"

आता हे बड्या साहेबांना कोणत्या तोंडानं सांगणार? आमच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. रंगनाथराव म्हणाले, "मी जरा देवदर्शन..." मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

एवढ्यात घरातून वहिनी बाहेर आल्या. म्हणजे दादांच्या मंडळी. डोक्यावर पदर, पण आवाज सगळ्या आळीला पुरेल असा.

"उठा! दोघं बी उठा! दूध काय नासवायला घातलंय? भावजी, तुमी जुन्या भट्टीवर बसा. आन् तुमी हो, नव्या भट्टीवर!"

दोघं मुकाट्यानं उठले आणि जागा बदलून बसले. आणि काय सांगू! दोघांनीही सपासप लाकडं आत सारली. दादा नव्या भट्टीवर असे उलथनं फिरवायला लागले की बघत राहावं! जुन्या कढईतलं दूध अजून पातळच होतं तेव्हा दादांनी खवा उतरवला. भगवान जुन्या भट्टीवरून ओरडला, "दादानं जिंकलं!" आणि दादा ओरडले, "पोराची भट्टी जिंकली!"

बड्या साहेबांनी गरम खवा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मंजूर!"

मी तिथंच मातीत फतकल मारून बसलो. इतकं हायसं मला पुढं लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा वाटलं नाही. हे सुमनलाही ठाऊक आहे.

निघताना बडे साहेब जीपजवळ थांबले. "बाई, ही अदलाबदल तुम्हाला सुचली कशी?"

"त्यात काय सुचायचं? रोज जेवताना ह्येच असतंय! हे म्हणत्यात धाकट्याला आधी वाढ, भावजी म्हणत्यात दादाला आधी वाढ."

"मग तुम्ही काय करता?"

"भाकरी गार व्हाया लागली, की म्या आधी जेवून घेते!"