ओठांतलं गीत

इथले अनुभव मी पुष्कळ दिवस वाचते आहे, लिहायला पहिल्यांदाच बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही ख्रिस्ती आहोत. बाहेरचं, करणी, झपाटणं — असल्या गोष्टींना आमच्या घरात कधी थारा नव्हता. मेलेलं माणूस देवाच्या हाती असतं, ते इकडेतिकडे फिरत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं आणि मानलेलं. आजही मी तेच मानते. म्हणून तर घडलं ते मनात कुठं ठेवावं हे मला कळत नाही...

मी शिरूरला राहते, जुन्या मिशन कंपाउंडच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला कमरेइतकी भिंत. भिंतीपलीकडे हिराबाई. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी शेती आणि दोन म्हशी. मी मुलींच्या हॉस्टेलमध्ये स्वयंपाक करते. माझे मिस्टर मुलगी लहान असतानाच गेले. मुलगी एकच — कृपा. बी.कॉम. होऊन रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसला लागली होती.

कृपाचा आवाज फार मोठा आणि मोकळा. चर्चमध्ये ती पुढच्या बाकावरून गायला लागली की मागचे म्हातारे कानातलं मशीन काढून ठेवायचे. मी तिच्या अगदी उलट. गीताला उभी राहते, ओठ हलवते, आवाज काढत नाही. लाज वाटते.

दौंडला एस्तेर म्हणून एक मुलगी आहे, कृपापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. ती चर्चचा तरुण संघ चालवायची. तिनं संघातल्या काही मुलांना घेऊन परदेशात जायचं ठरवलं, त्यात कृपाही. देशाचं नाव मी लिहीत नाही, तिथं आपल्या माणसांना अजून राहायचं आहे. तिथं घरात चार जण जमून प्रार्थना केली तरी पोलीस येतात. या मुलांनी टुरिस्ट म्हणून जायचं, तिथल्या विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती लोकांना भेटायचं, त्यांच्यासोबत बसायचं, परत यायचं. तुम्ही एकटे नाही एवढंच त्यांना सांगायचं, असं कृपा म्हणाली.

त्याची तयारी दौंडला रेल्वे लाइनजवळच्या एका हॉलमध्ये व्हायची. कृपा सुट्टीला एसटीनं जायची, संध्याकाळी येऊन मला सगळं करून दाखवायची. गळ्यात क्रूस घालायचा नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, न्यायचं नाही. फोनवर प्रार्थना हा शब्द काढायचा नाही. आणि गीत म्हणायचं ते फक्त ओठांनी. तिथले लोक तसंच म्हणतात — दार लावून, गोल बसून, एकमेकांच्या ओठांकडे बघत. आवाज अजिबात नाही.

"मम्मी, बघ," म्हणून तिनं ओठ हलवून दाखवले.

"त्यात काय? मी दर रविवारी हेच करते."

"तेच तर मी एस्तेरताईला म्हटलं! माझ्या मम्मीला न्या, तिला ट्रेनिंगसुद्धा नको."

तिला मात्र ते जमायचं नाही. कडवं कसंबसं निभवायची, ध्रुवपदाला आली की आवाज निसटायचाच. मग स्वतःच हसत बसायची. हिराबाई भिंतीवरून बघत होत्या.

"काय गं, मुकी झाली का काय?"

"हिराकाकू, मनातल्या मनात गायचं शिकतेय."

"नगं बाई! तुझं गाणं ऐकल्याबिगर माझ्या म्हशी पान्हा सोडत न्हाईत. तू गेलीस की त्या पान्हा चोरत्यात बघ. आन् असला कसला देश, जिथं गानं म्हणायला बी चोरी?"

"म्हणून तर जायचं, काकू."

ती गेली. जाताना एसटी स्टँडवर मला मिठी मारली, लोक बघत होते म्हणून मी अंग चोरलं.

तिकडून फोन यायचे. थंडी आहे, जेवण बरं आहे, तिखट काहीच नाही, तुझी चटणी सगळ्यांनी संपवली. एवढंच. बाकीचं बोलायचं नसायचं.

तो रविवार होता. उपासनेहून आले, जेवले, आणि अंगणात मेथी निवडत बसले. लख्ख ऊन. हॉस्टेलच्या मुली झोपलेल्या, सगळीकडे सामसूम. आणि घरातून कृपाचा आवाज आला.

ती गात होती. आमच्याकडचं जुनं गीत, तिच्या आजोबांचं आवडतं. शब्द इथं लिहीत नाही, माझ्याच्यानं लिहवत नाहीत. आतल्या खोलीत आरशासमोर वेणी घालताना ती जशी गायची, तसाच आवाज, भिंतीला लागून येणारा. मी पहिल्यांदा घाबरले नाही. खरं सांगते, मला वाटलं, पोरगी आली. न सांगता आली, मागच्या दारानं शिरली, आता मला फसवतेय. मला एवढा आनंद झाला की उठवेना. एक कडवं झालं, दुसरं झालं. शेवटचं कडवं संपलं, तेव्हा कुठं मी मेथी बाजूला सारून आत गेले.

आत कुणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती.

मोबाईल असेल म्हणाल. माझा मोबाईल फळीवर बंद होऊन पडला होता, बॅटरी संपलेली. त्यात तिचं गाणं आहे, पण नाताळचं, पेटी आणि दहा जणांचा गलका असलेलं. हे तिचं एकटीचं होतं.

म्हटलं, आपल्याला आठवण फार येतेय, कान वाजले असतील. तेवढ्यात भिंतीवरून हाक आली.

"सुमन! अगं, पोरगी आली आन् सांगितलं बी न्हाईस? धाड की हिकडं तिला. दुधाची साय काढून ठिवलीय."

"नाही आली हो हिराबाई."

"कशाला खोटं बोलती? आत्ता गात व्हती की! म्हशीनं कान टवकारलं, मी म्हनलं आली आमची कोकिळा."

 हिराबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढं विचारायचं सोडून त्या म्हशींकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आले. ते कधी स्वयंपाकघरात येत नाहीत. त्यांना दारात बघितलं आणि मी पीठ मळायचं थांबवलं. कृपा गेली होती. आदल्या दिवशी, तिकडे संध्याकाळ होती तेव्हा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, हे मला पाळकसाहेबांनीच हिशेब करून सांगितलं. मी विचारल्यावर. मी असं का विचारते हे त्यांना कळलं नाही.

हृदयात जन्मापासून काही दोष होता म्हणे, कुणाला माहीतच नव्हता. शवपेटी आली ती पुष्कळ दिवसांनी, सील केलेली. उघडू दिली नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची माझी पोर, आणि मी तिचं तोंड न बघता मूठमाती दिली.

सगळे म्हणायचे, गीत म्हणता म्हणता शांतपणे गेली, असं मरण यायला नशीब लागतं. एस्तेरनंच तसं सांगितलं होतं. पण दफनाच्या दिवशी एस्तेर लांब, फाटकापाशी उभी राहिली आणि मला न भेटता निघून गेली. ते माझ्या मनातून जाईना. शेवटी माझ्या मुलीला भीती वाटली का, त्रास झाला का, एवढं एकच मला हवं होतं. ते जिला माहीत होतं ती माझ्यासमोर येत नव्हती. लोक म्हणाले, तिनं तरुण संघ सोडला, घराबाहेर पडत नाही.

मग मीच गेले. न्हावऱ्यावरून जाणारी दौंडची एसटी धरली. एकटी कुठं जात नाही मी, पत्ता विचारायचाही संकोच. एस्तेरनं दार उघडलं आणि मला बघून तशीच उभी राहिली. मग काही न बोलता चहा ठेवायला गेली. फार वाळली होती.

"एस्तेर, खरं काय झालं ते सांग बाळा. मी भांडायला नाही आले."

कप माझ्या हातात देऊन ती खाली बसली.

"मावशी, ती शांतपणे नाही गेली."

मी कप खाली ठेवला.

"आम्ही गोल बसलो होतो. ती माझ्या शेजारी. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याच्या ध्रुवपदाला... तिचा आवाज निघाला. मोठ्यानं. खिडकीखाली रस्ता होता, माणसं चाललेली. त्या घरात तीन लेकरं होती मावशी, पकडले असते तर त्यांचं काय झालं असतं? मी तिच्या तोंडावर हात दाबला. तसंच ठरलं होतं आमचं, शेजारच्यानं हात ठेवायचा. तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, हात काढ म्हणतेय. मी अजून दाबला. मग... मनगट सुटलं."

बाहेर स्टेशनवर गाडीची अनाउन्समेंट चालू होती. ती संपल्यावर एस्तेर पुढं बोलली.

"डॉक्टर हार्ट म्हणतात. असेल. पण तिच्या तोंडावर शेवटी माझा हात होता, मावशी. तिला गाऊ दिलं नाही मी."

मला तिच्या हाताकडे बघवेना. उठून जावं असं वाटलं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"कुठलं गीत होतं?"

तिनं सांगितलं. तेच होतं.

मग मी तिला आमच्या अंगणातली दुपार सांगितली. कुणाला सांगितलं नव्हतं तोवर. दुसऱ्या कडव्याला काही थांबलं नाही, सगळी कडवी मी कानांनी ऐकली, हेही सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझ्यासाठी खोटं बोलताय ना?"

 मी मोबाईल काढला, हिराबाईंना लावला आणि स्पीकर चालू केला.

"हिराबाई, त्या रविवारी कृपा गायली ना, ती कुठवर गायली?"

"कुठवर म्हंजी?" हिराबाईंचा आवाज खोलीभर झाला. "सगळं म्हनली की. शेवटाला तुमचं ते आमेन बी म्हनली, लांब वढून, जशी म्हनायची तशी. का गं? सुमन? रडती का तू?"

मी नव्हते रडत. एस्तेर जमिनीला डोकं टेकून रडत होती.

तिला मी माफ केलं का, असं विचारू नका. तिच्या हातचा चहा संपवला, निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याहून जास्त मला अजून सांगता येत नाही.

पाळकसाहेबांना नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, याबद्दल मला काही सांगता येणार नाही, सुमनबाई. त्यांनी उगाच काहीतरी सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं. भाचा म्हणतो, दोघींना एकदम भास होऊ शकतो. होत असेल. पण हिराबाईंना ते गीत येत नाही, त्यातली कडवी किती हेही त्यांना माहीत नाही, आणि त्या दिवशी कृपा कुठल्या अवस्थेत होती हे तर आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला काही कळलं तर सांगा.  मी देवालाच विचारते, रोज, कामाच्या गडबडीतही. एवढे डोंगर, एवढी सरहद्द ओलांडून तिचा आवाज तू माझ्या घरापर्यंत आणलास... मग माझी पोरच का नाही आणलीस?