हजच्या पैशातलं व्याज

इस्लामपुरात आमचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. बँक समोरच होती. तरी वडिलांनी हजसाठी साठवलेले पैसे ठेवायला मला सांगलीला धाडलं. समोरच्या बँकेत आमच्यासारख्याला बचत खातंच मिळे, आणि त्यावर व्याज. सांगलीला बिनव्याजाचं चालू खातं मिळतं, असं त्यांनी मशिदीत ऐकलं होतं. व्याज हराम, हजच्या पैशात त्याचा आणा नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेजारचा शिंपी चिडवायचा, "आवं चाचा, बँक दारात, आन तुमी सांगलीला न्हेता. तितं पैसा अंडी घालतो का?"

"हितं घालतो, म्हनून तर तिकडं न्हेतो," वडील म्हणायचे.

वडिलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून खातं माझ्या नावावर काढायचं होतं. सांगलीचा कारकून म्हणाला, चालू खात्यात कायम मोठी शिल्लक लागते, तुमची तेवढी नाही. बचत खातं उघडा. मी परत येऊन वडिलांना सांगायला हवं होतं. फेरी फुकट जाईल म्हणून सही करून टाकली. व्याज पुढे वेगळं काढून गरिबाला देऊ, असं ठरवलं. घरी सांगितलं, चालू खातं उघडलं.

दुसरं महायुद्ध संपलं, लढाईत बंद पडलेली हजची जहाजं पुन्हा सुरू झाली. पण भाडं वाढलं होतं. साठवलेलं थोडं कमी पडत होतं. व्याज धरलं तर बरोबर पुरत होतं. मी सगळंच काढून आणलं.

वडिलांचा हिशेब तोंडपाठ. "एवढं साठलं व्हतं व्हय रं?"

"माजी मजुरी घातली थोडी."

त्यांनी पंच्याच्या टोकानं डोळे पुसले.

हजला निघणारा माणूस आधी सगळ्यांची माफी मागतो. वडिलांनी शिंप्याची मागितली, गिऱ्हाइकांची मागितली. मोटारीत चढताना शेवटी माझे हात धरले. "तुला लय राबवलं. तुज्या घामावर चाललोय. माफ कर लेका."

मी म्हणालो, "केलं, अब्बा." मी त्यांची माफी मागायची तीच वेळ होती. मोटार सुटली.

ते हाजी होऊन परतले, आणि त्याच समाधानात चार वर्षांनी गेले. तोवर रोज संध्याकाळी आम्ही एका ताटात जेवत होतो.

आता माझ्याकडे हजपुरते पैसे आहेत, चालू खात्यात. मुलं विचारतात, कवा जाताय? मी गुडघेदुखी सांगतो. निघायचं तर आधी माफी मागावी लागते.