विमानाच्या निऱ्या

माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी आरमारात, विमानवाहू जहाजावर नोकरी केली. तिथं ते विमानांचे पंख मिटायचे. लग्न होऊन मी सुरतेच्या उधन्यात आले त्याच आठवड्यात आबांनी मला हे सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी भाकरी थापता थापता ते खोडून काढलं. "पंखबिंख काही नही. ह्या तं जहाजवर कपडा धुवत व्हतात."

त्यांच्याकडे पुरावा होता. आबा घरातल्या चादरींची घडी अशी घालतात की धार लागून बोट कापावं. असा माणूस धोबीच असणार. सासूबाईंचा हिशेब सरळ होता, कारण त्यांची स्वतःची हयात कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालण्यात गेली. नातेवाइकांत, गल्लीत, माझ्या माहेरीसुद्धा त्यांनी हेच सांगून ठेवलेलं. माझ्या भावाने तर पहिल्या दिवाळीला आबांना शर्टावरचा हळदीचा डाग कसा काढायचा ते विचारलं. आबा फराळ तसाच टाकून उठून गेले.

जग काहीही म्हणो, आपल्या बायकोने तरी विश्वास ठेवावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं. मला त्यांची खरंच कीव यायची. पण सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. भिंत निदान उलट बोलत नाही.

मग परवाच्या गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने ठरवलं की यंदा बाप्पा विमानवाहू जहाजावर. हे खूळ अर्थातच आबांचं. त्यांना हवं होतं सी हॉक, ज्याची त्यांनी चाकरी केली ते. मंडळाच्या बैठकीत त्यांनी व्याख्यानच दिलं. या विमानाला इंजिन एकच, पण धूर शेपटीतून निघत नाही. नळीला दोन फाटे फोडून तो दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढलाय. जहाजावरून त्याला गलोलीसारखं फेकतात. परत येताना शेपटीखालचा आकडा डेकवरच्या दोरात अडकतो, नाहीतर सरळ समुद्रात. एकाहत्तरच्या लढाईत त्याने पूर्वेकडच्या बंदरांवर बॉम्ब टाकले, पुढे म्हातारं झालं, त्याच्या जागी हॅरियर आलं. "आता ते संग्रहालयात उभं आहे आणि मी इथं," असं म्हणून आबांनी चहा मागितला.

मंडळाचा एकच प्रश्न होता. बाप्पा आत बसतील का? सोंडेचं काय करायचं? शेवटी बाप्पा डेकवर, विमान मागे, आणि उंदराला पिवळी बंडी घालून विमानाला इशारे करायला उभं करायचं ठरलं. उंदराच्या बंडीवरून जेवढं भांडण झालं तेवढं कुठल्याही खऱ्या युद्धनौकेवर झालं नसेल.

विमान बांधलं आमच्या ह्यांनी, गल्लीच्या टोकाला, ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, ते फिटर आहेत तिथं. पाइपाचा सांगाडा, पंखांना दाराच्या बिजागऱ्या. पंख मिटलेच पाहिजेत, ही आबांची अट. खऱ्या जहाजावर विमान लिफ्टने खाली न्यायचं असतं आणि लिफ्ट असते अरुंद, म्हणून बनवणाऱ्यांनी पंखच वर दुमडायची सोय केली. आमची गल्ली त्या लिफ्टहून अरुंद आहे. दोन्ही बाजूंना घरांपुढचे ओटले आणि मध्येच विजेचा खांब, तो कुणी रोवला ते देव जाणे.

कापड एका व्यापाऱ्याने उसनं दिलं. राखाडी पॉलिस्टरचा अख्खा ताका. अट एकच, कापायचा नाही. कापलेल्या ताक्याची सुरतेत फेंट होते, म्हणजे चिंध्यांच्या भावाने किलोवर जाते. त्यामुळे इथला माणूस एक वेळ नवस मोडेल, पण ताक्याला कात्री लावणार नाही. मंडळाच्या पोरांनी काय केलं, तर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरून खालून, एकसंध कापड गुंडाळून ताणून शिवलं आणि उरलेला ताका शेपटीत कोंबला. विमान देखणं झालं. शेपटी जरा पोटुशी दिसत होती, पण चाललं असतं.

आगमनाच्या दिवशी ढोलवाले आले, विमान शटरबाहेर काढलं, आणि आबा म्हणाले, "मिटा."

पंख हलेनात. खालचं कापड बिजागरीपाशी इतकं ताणलेलं की चार जणांनी जोर लावला तरी पंख वर जाईना. पंख उघडे ठेवून पुढे जावं तर खांब. कुणीतरी हळूच म्हणालं, की विमानाचे पंख मिटत नसतातच, म्हाताऱ्याने उगाच डोक्यात भरवलं. आबा म्हणाले, "ज्यान्हा पंख मिटतस नही ते इमान नही, पतंग शे." पण आवाजात दम नव्हता. ते जाऊन ओटल्यावर बसले. मला भयंकर राग आला, पोरांचा, ताक्याचा, व्यापाऱ्याचा, आणि तमाशा बघायला खास खुर्ची घेऊन आलेल्या सासूबाईंचा तर सर्वांत जास्त.

ह्यांनी शेवटी कात्री मागवली. कात्री हातात घेऊन हे नुसतेच उभे.

"कैची ठेव," सासूबाई खुर्चीतून उठल्या. "सांधा कोठे शे, माले दखाड."

त्यांनी सांध्यापाशी टाके उसवले, शेपटीतला ताका ओढून घेतला आणि पंखाच्या पोटाला, बिजागरीच्या खाली, भराभर निऱ्या घातल्या. वरून साडीपिना. दुसऱ्या पंखालाही तसंच. पदर खोचून विमानाखाली उकिडवी बसलेली म्हातारी मी प्रथमच बघत होते. मग त्या बाजूला झाल्या आणि आबांना म्हणाल्या, "आते करा."

आबा उठले. विमानासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि सावकाश वर आणले. पोरांनी पंख उचलले, निऱ्या उलगडत गेल्या आणि पंख वर जाऊन उभे राहिले. आबा वर न बघता, नेमके वाकून, पंखाखालून गेले. सांध्यावर तळहात दाबला, थांबले, पुन्हा दाबला, पंख अडकवायची खुंटी सरकवली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. सासूबाई एकटक त्यांच्या हातांकडे बघत होत्या. घडी बसली की नाही हे त्याही असाच तळहात दाबून बघतात. घडी घालणाऱ्याला घडी घालणाऱ्याचा हात कळतो. आणि जे आबांनी दाबून बघितलं होतं, ते कापड नव्हतं, पंखाचा सांधा होता.

ढोल सुरू झाले. सासूबाईंनी मंडळाच्या अध्यक्षाच्या हातातला माइक काढून घेतला.

"आयका. मन्हा मालक जहाजवर इमानना पंख मिटाडेत. कपडा नही धुवत व्हतात. मन्हंच चुकनं."

आबांनी कानामागे हात धरला. "काय?"

सासूबाई जवळ गेल्या आणि पुन्हा बोलल्या. आबांनी मान हलवली. "आयकू नही उनं."

सासूबाईंनी हात करून ढोल बंद करवले, आबांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिसऱ्यांदा सांगितलं.

मी आबांच्या शेजारीच उभी होते. पहिल्याच वेळेला त्यांचे डोळे भरून आले होते.